सिसी आणि सेसिलिया: एका नकलाकाराची दोन नावे

लंडनच्या पॅलेस थिएटरात १ जुलै १९१२ रोजी राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यासमोर म्युझिक हॉलच्या कलावंतांचा पहिला 'रॉयल कमांड' प्रयोग झाला. साठ वर्षे दारूच्या गुत्त्याचे भावंड म्हणून हिणवल्या गेलेल्या या रंजनप्रकाराला त्या रात्री प्रथमच राजमान्यता मिळाली. त्या काळातील सर्वांत लोकप्रिय गायिका मेरी लॉइड हिला मात्र निमंत्रण नव्हते. तिच्या द्व्यर्थी गाण्यांमुळे राजघराण्यासमोर अवघडलेपणा येईल, अशी धास्ती त्यामागे होती, असे मानले जाते. ज्यांना निमंत्रण मिळाले, त्यांत सेसिलिया लॉफ्टस हे एक नाव होते. लंडनचा प्रेक्षक तिला जवळपास वीस वर्षे 'सिसी' या घरगुती नावाने ओळखत होता आणि ती प्रसिद्ध होती ती इतरांच्या नकला करण्यासाठी.

एकाच बाईची ही दोन नावे म्हणजे केवळ जाहिरातीतला बदल नव्हता. म्युझिक हॉलमध्ये ती सिसी होती. शेक्सपिअर, गटे यांच्या नाटकांत ती सेसिलिया झाली. सिसीला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. सेसिलियाला मात्र दर वेळी नव्याने परीक्षा द्यावी लागली. दुसऱ्याचा आवाज हुबेहूब काढणाऱ्या कलावंताला स्वतःचा आवाज असतो काय, हा प्रश्न तिच्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीचा पाठलाग करीत राहिला. आज तिचे नाव इंग्लंड-अमेरिकेतही रंगभूमीच्या अभ्यासकांपुरते उरले आहे. त्याचे कारणही याच प्रश्नात दडलेले आहे.

गुत्त्यातून रंगमंचाकडे

म्युझिक हॉल या शब्दावरून मराठी वाचकाच्या मनात संगीत नाटकाचे नाट्यगृह उभे राहण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात हा प्रकार अगदी निराळा होता. ब्रिटनमध्ये १८४३ च्या नाट्यगृहविषयक कायद्याने एक रेघ ओढली. नाटक करायचे असेल तर नाट्यगृहाचा परवाना घ्यावा आणि प्रेक्षागृहात मद्य विकू नये. मद्य विकायचे असेल तर गाणी-नाच खुशाल करावेत, परंतु नाटक करता येणार नाही. गुत्तेवाल्यांनी दुसरा मार्ग निवडला. चार्ल्स मॉर्टन याने १८५२ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागात 'कँटरबरी हॉल' उघडला, तेव्हापासून या प्रकाराला स्वतंत्र इमारत आणि स्वतंत्र रूप लाभले. त्याच मॉर्टनने १८६१ मध्ये 'ऑक्सफर्ड म्युझिक हॉल' सुरू केला आणि कष्टकरी वस्तीतला हा करमणुकीचा प्रकार मध्यवर्ती लंडनमध्ये आणून ठेवला.

कार्यक्रमाला कथानक नसे. एकामागून एक कलावंत येत आणि काही मिनिटांत आपला 'टर्न' सादर करून जात. विनोदी गाणे, कसरत, जादू, नृत्य, बोलका बाहुला असे सारे एकाच संध्याकाळी पाहायला मिळे. लोकप्रिय कलावंत बग्गीतून धावपळ करीत एका रात्रीत तीन-चार हॉल करीत. समोरचा प्रेक्षक खात-पीत असे, ध्रुपद एकसाथ गात असे आणि रंग भरला नाही तर कलावंताची गय करीत नसे. त्याचे लक्ष पहिल्या अर्ध्या मिनिटात वेधून घ्यावे लागे.

नकलाकाराचे महत्त्व या कायदेशीर चौकटीत अधिक ठळक होते. म्युझिक हॉलमध्ये नाटकाला बंदी होती. परंतु नटाची नक्कल करण्याला नव्हती. ज्यांच्या खिशाला किंवा सवयीला थोर नटांची नाट्यगृहे मानवत नसत, त्यांच्यापर्यंत त्या नटांची चाल, त्यांचे हुंकार आणि त्यांचे हातवारे नकलाकाराच्या मार्फत पोहोचत. ध्वनिमुद्रणाचे तंत्र तेव्हा बाल्यावस्थेत होते आणि चित्रपट अजून यायचा होता. अशा काळात एका कलावंताची दुसऱ्याच्या शरीरात उमटलेली प्रतिमा हीच एकमेव 'प्रत' असे.

आईच्या सावलीतून

सिसीचा जन्म २२ ऑक्टोबर १८७६ रोजी ग्लासगो येथे झाला. वडील बेन ब्राउन हे म्युझिक हॉलच्या एका त्रिकुटातील कलावंत होते. आई मेरी लॉफ्टस ही त्यांच्याहून कितीतरी अधिक नामांकित होती. म्युझिक हॉलमधील आघाडीची गायिका आणि नाताळच्या पँटोमाइम नाटकांत नायकाच्या वेशात वावरणारी रुबाबदार नटी अशी तिची ख्याती होती. फ्रान्सची विख्यात अभिनेत्री सारा बर्नहार्ट हिच्या नावावरून मेरीला 'म्युझिक हॉलची सारा बर्नहार्ट' असे बिरुदच चिकटले होते. आईची ओळख दुसऱ्या एका अभिनेत्रीच्या नावाने व्हावी आणि पुढे मुलीने त्याच अभिनेत्रीची नक्कल करून नाव कमवावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

मुलीचे शिक्षण लँकेशायरमधील ब्लॅकबर्नच्या कॉन्व्हेंटमध्ये झाले. जोगिणींच्या शिस्तीतील शाळा आणि आईच्या व्यवसायातील गजबज ही दोन टोके तिच्या वाट्याला लहानपणीच आली. ऑक्टोबर १८९२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिने बेलफास्टच्या अल्हम्ब्रा रंगमंचावर गाण्याने पदार्पण केले. गायिका म्हणून तिचा आवाज काही असामान्य नव्हता. परंतु इतर गायिकांचे आवाज, त्यांचे श्वास आणि त्यांच्या खोड्या तिच्या कानाने नेमक्या टिपल्या होत्या. कारकीर्द घडली ती या कानाच्या बळावर.

१८९३ चे लंडन

लंडनमध्ये ती १८९३ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्ड म्युझिक हॉलमध्ये उभी राहिली आणि अवघ्या काही आठवड्यांत शहराच्या चर्चेचा विषय झाली. कार्यक्रमाची मांडणी अतिशय साधी होती. भडक वेश नाही, रंगभूषेचा थर नाही. सोळा वर्षांची एक सडपातळ मुलगी येई, ज्या कलावंताची नक्कल करायची तिचे नाव सांगे आणि पुढच्या क्षणी दुसरीच कोणीतरी होऊन जाई. एक नक्कल संपली की पुन्हा तीच शाळकरी मुलगी समोर दिसे. प्रेक्षकांना भुरळ पडली ती बहुधा या ये-जा करण्याची.

तिने निवडलेल्या व्यक्तींकडे पाहिले तर तिच्या नजरेची धार लक्षात येते. गेटी थिएटरची लेटी लिंड ही नृत्यासाठी नावाजलेली, पण आवाजाने नाजूक. अमेरिकेहून आलेली मे योही हिच्याकडे मोजकेच सूर होते. मात्र ते इतके खर्जातले आणि विलक्षण होते, की तेवढ्यावर तिने लंडन जिंकले. पॅरिसची इव्हेत गिल्बेर लांब काळे हातमोजे घालून जवळजवळ निश्चल उभी राही आणि गाण्यापेक्षा शब्दफेकीने सभागृह ताब्यात घेई. प्रत्येकीचे वैशिष्ट्य वेगळे आणि प्रत्येकीची उणीवही वेगळी. नकलाकाराला दोन्ही ओळखता यावी लागतात.

त्याच वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकणारा मॅक्स बीरबोम हा तरुण तिच्या मोहात पडला. मित्र रेजी टर्नर याला लिहिलेल्या पत्रांतून त्याने तिच्या निरागसपणाची वारंवार वाखाणणी केली. ही पत्रे पुढे १९६४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मोह दुरूनच होता आणि लवकर ओसरलाही. मात्र हाच बीरबोम पुढे इंग्रजीतील अव्वल दर्जाचा व्यंगचित्रकार आणि विडंबनकार झाला. १९१२ च्या 'अ ख्रिसमस गार्लंड' या पुस्तकात त्याने किपलिंग, हेन्री जेम्स आदी समकालीन लेखकांच्या शैलींची नक्कल केली. सिसी जे गळ्याने करीत होती, ते त्याने लेखणीने केले.

फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेक यानेही नव्वदीच्या दशकात सिसीचे शिळाछाप चित्र काढले. लोत्रेकची आवडती गायिका होती इव्हेत गिल्बेर. तिच्यावर त्याने १८९४ मध्ये एक संपूर्ण चित्रसंग्रह केला होता. मूळ कलावंत आणि तिची नक्कल करणारी, दोघीही एकाच चित्रकाराच्या कुंचल्याखाली आल्या. नकलाकाराला तिच्या विषयाच्या बरोबरीचे स्थान मिळाल्याचे असे उदाहरण विरळाच.

१८९३ च्या अखेरीस गेटी थिएटरच्या 'डॉन ह्वान' या प्रहसनवजा संगीतिकेत तिला भूमिका मिळाली. वर्षभरापूर्वी बेलफास्टमध्ये पहिले गाणे म्हणणारी मुलगी लंडनच्या सर्वांत झगमगत्या नाट्यगृहात पोहोचली होती. जानेवारी १८९५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या 'कोस्टर अँड बायल्स' म्युझिक हॉलमध्ये दाखल झाली. इव्हेत गिल्बेर न्यूयॉर्कला प्रथम आली ती त्या वर्षाच्या अखेरीस. अर्थात, मूळ गायिकेने अमेरिकन रंगमंचावर पाऊल ठेवण्याच्या बरेच आधी तिची नकलाकार तेथे पोहोचली होती.

नक्कल घडते कशी?

नक्कल म्हणजे आवाज काढणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. आवाजाची पट्टी जुळवणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग असतो. माणूस ओळखू येतो तो त्याच्या लयीवरून. वाक्याच्या कोणत्या शब्दावर तो थांबतो, श्वास कोठे घेतो, हसू ओठांवर येण्याआधी डोळ्यांत दिसते की नंतर, हात बोलण्याच्या आधी हलतो की मागाहून, या गोष्टी नकलाकार टिपत असतो. त्यातून दोन-तीन खुणा निवडून बाकीचे सोडून द्यावे लागते. सारेच दाखवू गेल्यास प्रेक्षकाला काहीच दिसत नाही.

या निवडीवरून नकलेचे दोन मार्ग फुटतात. एक मार्ग अतिशयोक्तीचा. एखादी लकब ताणून मोठी करायची, जेणेकरून हशा पिकेल. हा व्यंगचित्राचा मार्ग. दुसरा मार्ग प्रतिकृतीचा. लकब जेवढी आहे तेवढीच ठेवायची आणि प्रेक्षकाला क्षणभर मूळ व्यक्ती समोर असल्याचा भास घडवायचा. सिसी लॉफ्टसची ख्याती दुसऱ्या मार्गासाठी होती. तिच्या नकलेत टिंगल कमी आणि निरीक्षण अधिक, असे समकालीनांचे मत होते. चेहऱ्याची ठेवण बदलण्यासाठी तिने टोप, मिश्या यांचा आधार घेतला नाही. सारा बर्नहार्ट करताना फ्रेंच संवादाचा तो प्रसिद्ध झंकार आणि त्यानंतरचा उसासा कानाला पटला, की डोळे उरलेले चित्र आपोआप पुरे करीत.

या कलेत एक मोठी अट असते. प्रेक्षकाला मूळ व्यक्ती ठाऊक असावी लागते. गायकाचे गाणे अनोळखी श्रोत्यालाही आवडू शकते. नक्कल मात्र दोन स्मृतींच्या जुळणीतून जिवंत होते. नकलाकाराने पाहिलेले आणि प्रेक्षकाने पाहिलेले एकमेकांवर बसले, की टाळी पडते. एक स्मृती पुसली गेली, तर उरतात ते केवळ अर्थहीन हातवारे. त्यामुळे नकलाकाराला आपला संग्रह सतत बदलत ठेवावा लागतो. मूळ कलावंत निवृत्त झाला की त्याची नक्कलही निवृत्त होते. सिसीने लंडनमधील पहिल्या वर्षात ज्यांच्या नकला केल्या, त्यांतील बहुतेक नावे पंधरा वर्षांनंतरच्या प्रेक्षकाला अपरिचित झाली होती. तिला दर काही वर्षांनी नवे चेहरे शिकून घ्यावे लागले.

न्यायालयाच्या दारी

नकला लोकप्रिय झाल्या, तसा त्यांच्या हक्काचा प्रश्नही उपस्थित झाला. गायिकेची नक्कल करायची म्हणजे तिचे गाणे म्हणावे लागणार. मग गाण्याच्या मालकाचे काय? अमेरिकेत १९०३ मध्ये हा वाद पेनसिल्व्हेनियातील संघराज्य न्यायालयापुढे आला. 'द विझर्ड ऑफ ऑझ' या संगीतिकेत लोटा फॉस्ट ही अभिनेत्री 'सॅमी' हे गाणे म्हणत असे. दुसऱ्या एका संगीतिकेत फे टेम्पलटन हिने लोटा फॉस्टची नक्कल करताना या गाण्याचे ध्रुपद म्हटले. स्वामित्व हक्क असलेल्यांनी मनाई हुकूम मागितला. न्यायालयाने तो नाकारला. नक्कल प्रामाणिक असेल, ती गाणे चोरण्याचे निमित्त नसेल, तर नकलेपुरता गाण्याचा भाग वापरण्याने हक्कभंग होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

मात्र १९०९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या दुसऱ्या एका निकालाने या सवलतीला मर्यादा घातली. गायकाच्या लकबी दाखवण्यासाठी संपूर्ण गाणे म्हणण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. या दोन निकालांतून एक सूत्र हाती येते. गाण्याला मालक आहे. परंतु ते म्हणण्याच्या ढबीला नाही. गायिकेची मान वेळावण्याची रीत, तिचा थांबा, तिचे डोळे मिचकावणे हे त्या काळच्या कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक होते. सिसी लॉफ्टस आणि तिच्या पिढीतील नकलाकार ज्या भांडवलावर व्यवसाय करीत होते, त्याला कायद्याने कोणाचीही मालमत्ता मानले नाही. त्याची दुसरी बाजू अशी, की नकलाकाराने मेहनतीने शोधून काढलेली नक्कलही कोणीही उचलू शकत होता.

सेसिलियाचा शोध

नकलांनी मिळवून दिलेली कीर्ती सिसीला पुरेशी वाटली नाही. तिला नाटकात, म्हणजे इंग्रजी परिभाषेतील 'प्रतिष्ठित' रंगभूमीवर, स्वतंत्र भूमिका हव्या होत्या. म्युझिक हॉलमधून तेथे जाणे सोपे नव्हते. दोन्हींचे प्रेक्षक वेगळे, व्यवस्थापक वेगळे आणि सामाजिक पायरीही वेगळी होती. त्यातच नकलाकार असल्याने आणखी एक संशय तिच्यावर घेतला जाई. तिने एखादा प्रसंग उत्तम वठवला, तर हे तिचे स्वतःचे की कोणाचे उसने घेतलेले, अशी शंका डोके वर काढी. इतर नटींनाही ज्येष्ठांकडूनच शिकावे लागते. परंतु त्यांच्याकडे कोणी असा हिशेब मागत नसे.

तिचे खासगी आयुष्यही या धडपडीत गुंतलेले होते. १८९४ मध्ये, अठरावे वर्ष पूर्ण होण्याच्या सुमारास, तिने एडिंबरो येथे जस्टिन हंटली मॅकार्थी या लेखकाशी विवाह केला. मॅकार्थी तिच्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा होता आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय पक्षाचा खासदार राहिलेला होता. हा विवाह १८९९ मध्ये घटस्फोटाने संपला. गंमत अशी, की नाटकातली तिची पहिली मोठी नायिका याच मॅकार्थीच्या लेखणीतून उतरलेली होती. फ्रेंच कवी फ्रांस्वा विलाँ याच्यावरील 'इफ आय वेअर किंग' हे त्याचे नाटक १९०१ मध्ये न्यूयॉर्कला रंगभूमीवर आले. विलाँच्या भूमिकेत ई. एच. सॉदर्न आणि त्याच्यासमोर कॅथरिनच्या भूमिकेत सेसिलिया लॉफ्टस. जाहिरातीत 'सिसी' हे नाव नव्हते. नाटक गाजले. पुढे १९२५ मध्ये त्यावर 'द व्हॅगाबाँड किंग' ही संगीतिकाही झाली.

१९०२ च्या वसंतात लंडनहून आणखी मोठे बोलावणे आले. इंग्रजी रंगभूमीचे सम्राट मानले जाणारे सर हेन्री आयर्विंग यांनी लायसियम थिएटरात 'फाउस्ट'चे पुनरुज्जीवन करण्याचे ठरवले होते. मूळ प्रयोग १८८५ चा. त्यात आयर्विंग सैतान मेफिस्टोफेलिस आणि एलेन टेरी मार्गारेट अशी जोडी होती. एलेन टेरी आता पंचावन्न वर्षांच्या झाल्या होत्या. निष्पाप तरुणी मार्गारेटची भूमिका आयर्विंग यांनी दिली ती पंचवीस वर्षांच्या सेसिलिया लॉफ्टसला.

या निवडीतील नाट्य लक्षात घेण्यासारखे आहे. आयर्विंग यांची विशिष्ट चाल आणि चमत्कारिक उच्चार हा इंग्लंडभरच्या नकलाकारांचा हुकमी विषय होता. ज्या व्यवसायाने त्यांना वर्षानुवर्षे चिडवले, त्याच व्यवसायातील मुलीला त्यांनी आपल्यासमोर नायिका म्हणून उभे केले. दुसरीकडे सेसिलियापुढचे आव्हान आणखी कठीण होते. प्रेक्षकांच्या मनात एलेन टेरींची मार्गारेट ताजी होती. नकलाकार म्हणून तिला टेरींची प्रतिमा पुन्हा उभी करता आली असती; अभिनेत्री म्हणून तिला नेमके तेच टाळायचे होते. तिने भूमिका निभावून नेली आणि लायसियमच्या इतिहासात आपले नाव नोंदवले. मात्र त्या वर्षीच्या जुलैमध्ये आयर्विंग यांचा लायसियमशी असलेला संबंध संपला. इमारत जवळजवळ नव्याने बांधली गेली आणि १९०४ मध्ये तिचे दरवाजे पुन्हा उघडले ते म्युझिक हॉल म्हणून. सिसी ज्या जगातून बाहेर पडून लायसियमपर्यंत पोहोचली, ते जगच तिच्या मागोमाग तेथे येऊन दाखल झाले.

सरोवरातील दुसरा आवाज

तिच्या दोन्ही नावांची गाठ एका भूमिकेत पडली. जे. एम. बॅरी यांचे 'पीटर पॅन' हे नाटक लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात डिसेंबर १९०४ मध्ये प्रथम झाले. पहिला पीटर होती नीना बूसिको. वर्षभराने, १९०५ च्या नाताळात, नाटक पुन्हा आले तेव्हा ही भूमिका सेसिलिया लॉफ्टसकडे आली. त्याच वेळी बॅरी यांनी नाटकात जलपऱ्यांच्या सरोवराचा अंक नव्याने जोडला होता.

या अंकात पीटर काळोखाचा फायदा घेऊन कॅप्टन हुकचा आवाज काढतो आणि चाचांना फसवून टायगर लिली या मुलीची सुटका करतो. बॅरी यांनी हा प्रसंग तिच्यासाठी योजला, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु इंग्लंडमधील अव्वल नकलाकार त्या भूमिकेत असताना हा प्रसंग रंगमंचावर आला, ही वस्तुस्थिती आहे. येथे नक्कल हा स्वतंत्र 'टर्न' नव्हता. ती कथेला पुढे नेणारी कृती होती. सिसीचे कसब आणि सेसिलियाचा अभिनय यांना एकाच क्षणी वाव देणारी अशी भूमिका तिला क्वचितच मिळाली असेल. हंगाम संपल्यावर पुढच्या वर्षी पीटरची भूमिका पॉलिन चेस हिच्याकडे गेली आणि तिने ती १९१३ पर्यंत केली.

सेसिलिया पुन्हा नकलांकडे वळली. व्यवहाराचे गणितही उघड होते. अमेरिकेतील व्हॉडव्हिल, म्हणजे म्युझिक हॉलचाच अमेरिकन अवतार, तेव्हा ऐन भरात होता. नाटकात एका भूमिकेसाठी कित्येक आठवडे तालमी कराव्या लागत. येथे वीस मिनिटांच्या हजेरीवर नाव आणि पैसा दोन्ही मिळे. १९१२ च्या राजप्रयोगात तिने नकलाच सादर केल्या. कार्यक्रमपत्रिकेवर मात्र तिचे नाव 'सेसिलिया' असे छापले होते.

उतरणीचा काळ

१९१३ मध्ये 'अ लेडी ऑफ क्वालिटी' या मूकपटात तिने काम केले. ज्या कलावंताचे सारे सामर्थ्य आवाजात, तिला मूक पडद्यावर फारसे काही करता येण्यासारखे नव्हते. शिकागोतील एका डॉक्टरशी झालेला दुसरा विवाहही १९२० मध्ये मोडला. प्रकृतीच्या तक्रारी आणि त्यांतून जडलेले औषधांचे व्यसन यांनी तिला घेरले. अमली पदार्थांवर निर्बंध घालणारा कायदा ब्रिटनमध्ये १९२० मध्ये झाला होता. त्याखाली १९२२ मध्ये लंडनमध्ये तिला अटक झाली. न्यायालयाने तुरुंगवास न देता तिला देखरेखीखाली ठेवले. वर्तमानपत्रांना मोठा मथळा मिळाला.

ते वर्ष एकूणच म्युझिक हॉलसाठी अशुभ ठरले. ऑक्टोबरमध्ये मेरी लॉइड वारली. तिच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी पाहून लंडनला कळले, की एका कलावंताबरोबर एक युगही संपत आहे. कवी टी. एस. एलियट यांनी तिच्यावर लिहिलेल्या लेखात चित्रपटाच्या आगमनाने कष्टकरी प्रेक्षक रंगमंचाशी असलेले सक्रिय नाते गमावील, अशी भीती व्यक्त केली. म्युझिक हॉलचा प्रेक्षक गाण्यात सामील होत असे. चित्रपटाचा प्रेक्षक अंधारात गप्प बसून पाहत असे. नकलेसाठी हा फरक कळीचा होता, कारण नक्कल ही प्रेक्षकाच्या ओळखीच्या हुंकारावाचून अपुरी राहते.

सिसी लॉफ्टसने मात्र हार मानली नाही. १९२३ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली आणि व्हॉडव्हिलचे मानाचे पीठ समजल्या जाणाऱ्या पॅलेस थिएटरात पुन्हा उभी राहिली. अटकेची बातमी वाचलेल्या प्रेक्षकांसमोर, वयाच्या सेहेचाळिशीत, तिने आपल्या जुन्या कसबाच्या जोरावर नवी सुरुवात केली. परंतु पॅलेस थिएटरचेच दिवस भरत आले होते. १९३२ मध्ये तेथील निखळ व्हॉडव्हिलचा शेवट झाला आणि त्याची जागा चित्रपटाने घेतली.

पडद्यावरील आजी

बोलपट आल्यावर तिच्यासारख्या आवाजाच्या कलावंताला नवे दालन खुले झाले. पण तोवर ती पन्नाशी ओलांडून गेली होती. १९३१ च्या 'ईस्ट लिन'पासून ती हॉलिवूडच्या चित्रपटांत चरित्र भूमिका करू लागली. ब्रॉडवेवर जॉर्ज कॉफमन आणि मॉस हार्ट यांच्या 'मेरिली वी रोल अलाँग' या १९३४ च्या नाटकात तिने काम केले. १९३८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिने पुन्हा नकलांचे कार्यक्रम केले. १८९३ मध्ये पहिल्यांदा लंडनसमोर उभ्या राहिलेल्या नकलाकाराला पंचेचाळीस वर्षांनंतरही श्रोते मिळाले. १९३९ च्या 'द ओल्ड मेड'मध्ये आणि १९४० च्या 'द ब्लू बर्ड'मध्ये तिने आजीची भूमिका केली. 'द ब्लू बर्ड'ची बालनायिका होती शर्ली टेंपल. आजच्या प्रेक्षकाला सेसिलिया लॉफ्टस पाहायची असेल, तर ती या चित्रपटांतच भेटते. ज्या सिसीने लंडन वेडे केले होते, तिचा तेथे मागमूसही दिसत नाही. १२ जुलै १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले. तेव्हा ती ६६ वर्षांची होती.

तिचा मार्ग पुढे इतरांनी चालवला. अमेरिकेत एल्सी जॅनिस नकलांच्या जोरावर नायिका झाली आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांची लाडकी कलावंत बनली. इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स डेस्मंड हिने १९३२ मध्ये 'अ हॉलिवूड पार्टी' या ध्वनिमुद्रिकेत ग्रेटा गार्बो, मार्लेना डिट्रिच यांच्यासह अनेक तारकांचे आवाज एकटीने काढले. या दोन टप्प्यांमधील अंतर सूचक आहे. सिसीच्या काळी नक्कल हीच मूळ कलावंताची दूरवर पोहोचणारी प्रत होती. डेस्मंडच्या काळी मूळ तारका गावोगावच्या पडद्यावर दिसत होत्या. नक्कल ही आता प्रत राहिली नव्हती, ती त्या प्रतिमेवरची मिश्कील टिप्पणी झाली होती. पुढे रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील नकलाकारांनी हीच वाट धरली.

सिसी लॉफ्टस विस्मृतीत गेली ती तिचे कसब उणे होते म्हणून नव्हे. लेटी लिंडचा नाजूक आवाज किंवा मे योहीचा खर्ज ऐकलेले कोणीच आता उरलेले नाही. साहजिकच त्यांची नक्कल किती हुबेहूब होती, हे ठरवणारेही कोणी उरलेले नाही. तरीही रंगभूमीच्या इतिहासासाठी तिचे मोल वेगळ्या कारणाने टिकून आहे. नव्वदीच्या दशकातील लंडनच्या रंगमंचावर कोणत्या लकबी डोळ्यांत भरत होत्या, कोणते आवाज लोकांच्या कानात घर करून होते, याची सर्वांत विश्वासू नोंद तिच्या नकलांच्या यादीत सापडते. अभ्यासक त्या काळातील विस्मृत गायिकांची नावे शोधू लागतात, तेव्हा त्यांपैकी अनेकींचा माग त्यांना सिसीच्या कार्यक्रमपत्रिकेवर लागतो.